बारा मिनिटं कमी पडली

१२ जून, गुरुवार. सकाळी.

आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

काल गावाहून, परियामानहून, कामाच्या बेटावर, बातामला परत आलो. सुपारी फुटली. मुलगी येस्विता, शाळेत गणित शिकवते. लहानपणी मला 'ए मसरिझाल' म्हणायची, आता मानाने 'अजो' म्हणते, तेही खाली बघून. आमच्याकडे नवऱ्या मुलाला मुलीकडचे वाजतगाजत न्यायला येतात, आणि फुकट नेत नाहीत. त्यात मला बापाकडून सिदी हा मानाचा किताब, म्हणजे भाव वरचा. मोटरसायकल सुपारीच्या दिवशीच आमच्या दारात आली. काळी, नवीकोरी, हँडलला लाल रिबीन. सोनं मिळणार मला न्यायला येतील त्या दिवशी, ९ ऑगस्टला. मामाने तासभर नुसतं म्हणींमध्ये बोलून सगळं ठरवलं. निघताना म्हणे, पोरा, किंमत मी केली, लाज तू राख. म्हटलं, राखतो की. त्यात काय.

मुलीकडे सांगितलंय की मी बातामला मोबाइलच्या लाइनमध्ये सुपरवायझर आहे. खोटं नाही. एदिसोनदादाच्या टपरीवर कव्हरं विकतो, आणि दादा जेवायला गेला की सगळी टपरी माझ्याच नजरेखाली असते.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

मुख्य गोष्ट राहिलीच. काल विमान तीन तास चाळीस मिनिटं लेट. पाणी दिलं, पाव दिला, मग भात आणि कोंबडीची तंगडी. मी खुश. तर शेजारचा माणूस कपाळाला हात लावून म्हणतो, वीस मिनिटांनी घात केला! मग त्याने सगळा सरकारी नियम सांगितला. थोडा उशीर, पाणी. आणखी उशीर, पाव. त्याहून उशीर, भात. चार तास उलटले की रोख तीन लाख रुपिया. तीन लाख म्हणजे रेंदांगचं मटण घातलेली दहा-बारा ताटं.

बालिकपापान, सुराबाया, तिमिका. इतकी वर्षं भटकतोय, सगळीकडे उशिरा पोचलो, आणि आजवर कुणी सांगितलं नाही. माणूस अडाणी राहतो तो असा.

१४ जून, शनिवार.

नियम छापून घेतला. लॅमिनेट केला. लॅमिनेशनवाल्याकडे किल्ल्या अडकवायच्या फोटोच्या किचेन होत्या, त्या बघण्यात दोन तास गेले. धंदा वाईट नाही. पन्नास किचेन उधारीवर घेतल्या. दादा म्हणाला, सिदी, तुला पाठवलं होतं सुट्टे आणायला. सुट्टे राहिले.

१९ जून, गुरुवार.

रोज लिहायचं ठरलं होतं. मधले दिवस गरम होतं.

येस्विताचा फोन. तिला नियम समजावला, पाव-भातासकट. ती म्हणे, अजो, पण जे विमान वेळेवर येतं त्यानेच आलं तर? गणितवाल्यांना व्यवहार कळत नाही. आवाज मात्र छान आहे फोनवर.

२ जुलै, बुधवार.

विचार केला. मोटरसायकल तिच्याकडून. सोनं तिच्याकडून. मुकुट, मांडव, वाजंत्री, सगळं तिच्याकडून. माझ्या बाजूने एक तरी वस्तू पाहिजे, स्वतः कमावलेली. तिला घड्याळ घ्यायचं. बारीक पट्ट्याचं, शाळेत घालून जाता येईल असं. बाजारात बघून ठेवलंय. किंमत बरोबर तीन लाख.

योगायोग म्हणतात तो हा.

२६ जुलै, शनिवार.

लागोपाठ चार शनिवार विमानतळावर जाऊन बसलो. काहीही न शिकलेला माणूस एवढा अभ्यास करत नाही. नऊ वीसचं पाडांगचं, म्हणजे आमच्या गावाजवळचं, विमान चारपैकी तीन वेळा चार तासांच्या वर लेट. एकदा साडेचार. म्हणजे ९ ऑगस्टला सकाळी याच विमानाने निघायचं. चार तास लेट धरले तरी अडीचला पाडांग, सव्वातीनला घर. मुलीकडचे येणार असरच्या नमाजानंतर, पावणेचारला. आंघोळ करून, कपडे घालून तयार. बसतंय गणित.

तिकीट काढलं. एदिसोनदादाला सांगितलं. दादा स्वतः परियामानचा. कव्हर पुसता पुसता म्हणाला, नवरदेव आहेस की टपालाचं पाकीट? आठ दिवस आधी घरी जाऊन बसायचं असतं रे गाढवा, मेंदी असते, नातेवाईक असतात. म्हटलं, दादा, तुम्ही जुन्या काळातले. दादा म्हणाला, मी जुन्या काळातला, पण माझं लग्न झालंय.

जळतो.

किचेनचा धंदा बंद केला. तीन खपल्या. दोन मीच घेतल्या.

५ ऑगस्ट, मंगळवार.

मामाचा फोन. म्हणे उद्याच्या बोटीने निघ, पुढे बस पकड, विमान परक्याचं आहे, वेळ आपली आहे. मामाला म्हणी फार येतात. मग त्याने आईला फोन दिला. आईला नियम पहिल्यापासून सांगितला. सगळं ऐकून म्हणाली, जेवलास का?

निश्चय: विमानतळावर शांत राहायचं. आवाज चढवायचा नाही. कायदा आपल्या बाजूने आहे.

९ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ८.०५.

विमानतळावर. बॅग दिली. निळी. लग्नाचे बूट त्यातच. लॅमिनेट केलेला नियम हातात. फोन फुल चार्ज. आज माझं लग्न आहे.

९.२०.

विमान नाही. सुरू!

१०.२५.

पाणी मिळालं. वेळेवर.

११.२०.

पाव. आत कस्टर्ड. चांगला होता. एक जास्तीचा मागितला, दिला नाही. लिहून ठेवलंय.

१२.१०.

येस्विताचा मेसेज. अजो, निघालास का? मुकुट बांधायला बाई आली आहे. मी लिहिलं, सगळं प्लॅनप्रमाणे. अंगठा पाठवला.

१२.३०.

भात. वांग्याची भाजी तिखट. शेजारी एक हाजीसाहेब आहेत, दात नाहीत, त्यांची तंगडी मला दिली. त्यांना नियम समजावला. ते म्हणाले, अल्ला तुझं भलं करो. सुरुवात झालीच आहे.

१.०८.

घात! बोर्डिंगची घोषणा! तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं! हे मुद्दाम आहे. यांनी घड्याळ बघून विमान आणलंय. बारा मिनिटं. फक्त बारा मिनिटं कमी पडतायत.

गप्प बसणार नाही.

दुपारी २.१५.

शांतपणे लिहितो. पुढे कोर्टात लागेल.

मी खुर्चीवर उभा राहिलो. फेसबुकवर लाइव्ह सुरू केलं. म्हटलं, बंधूंनो, कुणी चढू नका! बारा मिनिटं नुसते बसून राहा आणि प्रत्येकाला तीन लाख! दीडशे माणसं आहेत, दीडशे! बोललो चांगलं. लोक बसले. हाजीसाहेब तर अगोदरच बसलेले होते. केकचे खोके घेतलेल्या एका बाईने तेवढी गडबड केली. म्हणे, भाऊ, माझी आई दवाखान्यात आहे, तुझे तीन लाख तूच घाल डोक्याला. ती गेली. तिच्यामागे एक जोडपं गेलं. मग लोक रांगेत मुंग्यांसारखे. शेवटी हाजीसाहेबही उठले, म्हणाले, पोरा, गुडघे दुखतात, विमानात गादी आहे.

पण लाइव्ह बघणारे चारशे बारा! किचेनच्या जाहिरातीला सहा होते. आणि खाली नावं बघितली तर सगळी परियामानची. आपलं गाव आपल्या पाठीशी उभं राहतं ते असं.

मग मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, तीन तास अठ्ठेचाळीस असं कागदावर लिहून शिक्का मारून द्या. ती हात जोडून म्हणाली, दादा, चढा हो, तुमच्यासाठी दार उघडं ठेवलंय, माझी नोकरी आहे. म्हटलं, शिक्का. ती म्हणाली, शिक्का खालच्या ऑफिसात असतो. म्हणजे लपवून ठेवलाय. धावत खाली गेलो. साहेब जेवत होता. शिक्क्याची शाई वाळलेली. थुंकी लावून मारला. पुन्हा तपासणीची रांग, पुन्हा पट्टा काढा. गेटवर आलो तर १.२४. दार बंद.

विमान काचेपलीकडे उभंच होतं. चार माणसं त्याच्या पोटात वाकून काहीतरी शोधत होती. एकाने ओढून काढली. निळी बॅग. माझीच. माणूस नाही तर बॅगही न्यायची नाही, असा नियम आहे म्हणे. तो लॅमिनेट केला नव्हता.

१.३१ ला विमान हललं. चार तास अकरा मिनिटं.

ती मुलगी घड्याळाकडे बघून म्हणाली, तुमची बॅग शोधण्यात चार तास उलटले. आता पाडांगला उतरल्यावर सगळ्यांना तीन तीन लाख मिळतील. म्हटलं, आणि मला? ती म्हणाली, तुम्ही प्रवासाला आलाच नाहीत. म्हटलं, बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे. ती म्हणाली, समोर आहात. यादीत नाही.

केस भक्कम आहे.

३.५५.

मामाचा फोन. मागे ढोल-ताशे. गल्लीत सगळे आले असणार, मिरवणुकीच्या छत्र्या घेऊन. मामाने विचारलं, कुठवर आलास? मी सगळं नीट, मुद्देसूद सांगितलं. शिक्क्याचंही.  मामा म्हणाला, बघितलं. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. मुलीकडच्यांनी वाटेत गाडीत बघितला.

मग मागचे ताशे थांबले. नेटवर्क असेल.

५.४०.

उद्या सकाळची सीट मिळाली. पूर्ण पैसे घेतले, निर्लज्ज. येस्विताला सविस्तर मेसेज केले. अकरा. सगळे तिने वाचलेत. उत्तर नाही. म्हणजे रागावलेली नाही, रागावली असती तर लिहिलं असतं.

१० ऑगस्ट, रविवार.

विमान वेळेवर सुटलं. मिनिटाचाही उशीर नाही. काल काय धाड भरली होती?

घ्यायला कुणी आलं नव्हतं. घरी बायका भांडी घासत होत्या. मला बघून घासायच्या थांबल्या, मग जास्त जोरात घासायला लागल्या. आईने ताट वाढलं. कालचं जेवण. चांगलं झालं होतं.

दुपारी येस्विताचा मामा आला, बरोबर तीन म्हातारे. सगळे चटईवर बसले. पान पुढे केलं. अर्धा तास पाऊसपाण्यावर बोलणं. मला वाटलं मिटलं. मग तिचा मामा माझ्या मामाला अगदी गोड आवाजात म्हणाला, भाऊसाहेब, काल आम्ही न्यायला आलो. नेण्यासारखं काही मिळालं नाही.

मामाने मान खाली घातली. मामाला एकही म्हण सुचली नाही.

मग मी मध्ये बोललो. बोलायचं नसतं, पण कायदा मलाच माहीत. म्हटलं, उशीर माणसाच्या हातातला नसेल तर माफी असते. तिचा मामा म्हणाला, आमच्यातही असते. वादळ होतं का? म्हटलं, नव्हतं. कुणी गेलं का? नाही. आजारी होतास? नाही. मग काय होतं? म्हटलं, बारा मिनिटं.

एक म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, पाणी द्यावं लागलं.

मग तिचा मामा म्हणाला, मुलीने साडेतीन किलोचा मुकुट घातला होता. असरपासून रात्रीच्या ईशाच्या नमाजापर्यंत बसली. काढू देईना. चार तास वीस मिनिटं, तिने स्वतः मोजली. आज मान वळत नाही. भाऊसाहेब, तुमच्या भाच्याचा नियम आम्हीही व्हिडिओत ऐकला. चार तासांच्या वर आहे.

आणि उठताना सांगितलं. मुलाकडून मोडलं तर घेतलेलं दुप्पट परत. वाडवडिलांपासूनचं आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामाला विचारलं. मामा म्हणाला, तुझ्यासमोरच ठरलं होतं, तू मोटरसायकलचे गिअर बघत होतास.

दुप्पट म्हणजे दोन मोटरसायकली.

११ ऑगस्ट, सोमवार.

येस्विताला फोन केला. सातव्यांदा उचलला. म्हटलं, पुढचा शनिवार घेऊ, मी शुक्रवारीच नाही, गुरुवारपासून घरात बसतो. ती म्हणाली, अजो, विमान आलंच नसतं तर मी बसले असते. रात्रभर बसले असते. विमान आलं, दार उघडं होतं, ती मुलगी हात जोडत होती, आणि तू खुर्चीवर उभा. मी बघत होते ना. मुकुट घालून बघत होते.

 मग ती म्हणाली, एवढं कशासाठी होतं? खरं सांगितलं. तुला घड्याळ घ्यायचं होतं. माझ्या पैशांनी.

 मला वाटलं आता रडेल. मग म्हणाली, माझ्याकडे घड्याळ आहे, अजो.

तिने फोन ठेवला.

हे मला आधी कळायला हवं होतं. तिच्या मनगटाकडे बघितलंच नाही कधी.

१८ ऑगस्ट, सोमवार.

पहिली मोटरसायकल मामाने स्वतः परत नेऊन दिली. रिबीन आईने काढून ठेवली होती, ती पुन्हा बांधली. दुसरीचं काय? मी म्हटलं, शेत गहाण टाका, मी सहा महिन्यांत सोडवतो. मामा म्हणाला, आपल्यात चार कारणांनी शेत गहाण टाकता येतं. घर गळतंय, घरात मयत आहे, मुलगी बिनलग्नाची राहिली आहे, घराण्याच्या मानकऱ्याला पगडी बांधायची आहे. भाच्याला बारा मिनिटं कमी पडली, हे पाचवं अजून कुणी घातलेलं नाही.

आईने बांगड्या काढून चटईवर ठेवल्या. आवाज पण केला नाही. मी म्हटलं, आई, हे तात्पुरतं आहे, विमान कंपनीकडून आले की पहिल्या याच. आई म्हणाली, बरं.

निश्चय: कंपनीला सोडायचं नाही. पत्र लिहिलं, चार पानी. मागणी: दोन मोटरसायकली, सोनं, अडीचशे पानांचं जेवण, ढोल-ताशे, आईच्या बांगड्या, येस्विताची मान. तीन लाख वेगळे. शिक्क्याचा कागद जोडला. थुंकीमुळे शिक्का पुसट झालाय, पण उजेडात धरला तर दिसतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार.

उत्तर नाही. बातामला जायचं होतं, एदिसोनदादाचा फोन आला. म्हणे, घाई करू नकोस, टपरीवर दुसरा ठेवलाय, वेळेवर येतो. किचेन त्याने खपवल्या. सगळ्या.

गावात मला आता सिदी म्हणत नाहीत. बारा मिनिटं म्हणतात. चहाच्या टपरीवर गेलो की कुणीतरी ओरडतं, बारा मिनिटं आले रे, बसा सगळे, चढू नका! हसतात. मीही हसलो. त्यात हाजीसाहेबही होते. पलीकडच्याच गावचे निघाले. त्यांनी मला चहा पाजला. म्हणाले, तुझ्यामुळे तीन लाख मिळाले, नात्यातल्या लग्नाला आहेर झाला. कुठलं लग्न ते विचारलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार.

कंपनीचं उत्तर आलं! सकाळी आईला म्हटलं, बघ. मोठ्याने वाचायला घेतलं. आमची सेवा निवडल्याबद्दल आभार. आपली निळी बॅग सुरक्षितपणे उतरवून देण्यात आली, त्याबद्दल पाचपैकी किती तारे द्याल?

पुढे काहीच नव्हतं. कागद उलटून बघितला.

दोन दिले. मग एक केला.

६ सप्टेंबर, शनिवार.

दुसरी मोटरसायकल नेऊन दिली. तीच कंपनी, तोच काळा रंग. आईच्या बांगड्या विकल्या, वर मामाची गाय. नऊची वेळ दिली होती. आठ पन्नासला पोचलो. लवकर जाणं बरं दिसत नाही म्हणून वळणावरच्या नारळाखाली दहा मिनिटं उभा राहिलो. बरोबर नऊला दारात.

येस्विता स्वतः बाहेर आली. शाळेत निघाली होती. मानेला पट्टा. कागद घेतले, वाकता येत नाही म्हणून तशीच ताठ खाली बसून चासीचा नंबर पडताळला, पेपर तपासतात तसा, एकेका आकड्यावर बोट ठेवून. बरोबर निघाला. सही केली. मनगटावर घड्याळ होतं. जुनं, काच तडकलेली. चालू होतं.

किल्ली घेतली आणि म्हणाली, वेळेवर आलास. अजो म्हणाली नाही. मी म्हटलं, हो.

तिच्या मामाने दार लावून घेतलं.

परत यायला मोटरसायकल नव्हती, हे निघताना डोक्यात आलंच नव्हतं. चालत आलो. सात किलोमीटर. मध्ये एके ठिकाणी पतंग बघत थांबलो, एके ठिकाणी नुसताच. घरी पोचायला दुपार झाली. कुणी वाट बघत नव्हतं, त्यामुळे उशीर झाला असं म्हणता येणार नाही.